शिफारसपत्र : विद्यार्थ्याची चिंता आणि अध्यापकाचे कर्तव्य

उच्च शिक्षणाची आकांक्षा ही आता केवळ मोठ्या शहरांची मिरासदारी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला विद्यार्थीही आज परदेशातील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करण्याचे धाडस करतो. या अर्जासोबत जोडावयाच्या बहुतेक गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातातील असतात. गुणपत्रिका त्याने मिळविलेली असते, इंग्रजी भाषेची परीक्षा त्याने दिलेली असते, आपल्या अभ्यासाचा हेतू सांगणारे निवेदनही तोच लिहितो. एक गोष्ट मात्र सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते व ती म्हणजे प्राध्यापकांचे शिफारसपत्र. ते वेळेवर जाईल काय, त्यात काय लिहिले जाईल, त्या दोन-चार परिच्छेदांवर आपले सारे भवितव्य अडून तर राहणार नाही ना, या विचाराने अनेक विद्यार्थ्यांची झोप उडते. ही चिंता कितपत साधार आहे व ती दूर करण्यासाठी विद्यार्थी, अध्यापक आणि संस्था यांनी काय करावयास हवे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शिफारस आणि शिफारसपत्र

आपल्याकडे ‘शिफारस’ या शब्दाला व्यवहारात वशिल्याचा वास येतो. त्यामुळे पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की, पत्र देणारी व्यक्ती जितकी वजनदार तितके पत्र परिणामकारक. मग सरपंचांचे, आमदारांचे किंवा एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र मिळविण्यासाठी खटपट सुरू होते. वास्तविक अशा पत्राचा विद्यापीठाच्या प्रवेश समितीला फारसा उपयोग होत नाही. सरपंचांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला आपल्या जागी योग्यच आहे. तो अमुक व्यक्ती अमुक गावची असून तिची वर्तणूक चांगली आहे, एवढे सांगतो. शिफारसपत्राचे प्रयोजन निराळे आहे. या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष शिकविलेल्या अध्यापकाने त्याच्या बुद्धीविषयी, कष्टाळूपणाविषयी आणि स्वतंत्र विचार करण्याच्या शक्तीविषयी दिलेली ती साक्ष होय. साक्षीदार किती मोठा आहे यापेक्षा त्याने काय पाहिले आहे, यालाच साक्षीत महत्त्व असते.

अमेरिकेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सामान्यतः अशी तीन पत्रे मागितली जातात. ब्रिटनमध्ये बहुधा दोन पुरतात. विद्यार्थी अर्जात अध्यापकांचे नाव व ई-मेल पत्ता नोंदवितो. त्यानंतर विद्यापीठाकडून अध्यापकांना परस्पर संदेश जातो आणि अध्यापक आपले पत्र थेट विद्यापीठाकडे पाठवितात. अनेक ठिकाणी पत्राबरोबर एक तक्ताही भरावा लागतो. आपण आजवर शिकविलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना करता हा विद्यार्थी पहिल्या पाच टक्क्यांत बसेल, पहिल्या दहा टक्क्यांत बसेल की सर्वसाधारण आहे, असे त्यात विचारलेले असते.

एका पत्राचा दाखला

चांगले शिफारसपत्र कसे असावे, याचा एक उत्तम दाखला आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. श्रीनिवास रामानुजन हे १९१२ च्या मार्च महिन्यापासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून काम करीत होते. महाविद्यालयीन परीक्षेत ते अनुत्तीर्ण झालेले असल्याने त्यांच्यापाशी पदवी नव्हती. १९१३ च्या फेब्रुवारी महिन्यात भारतातील वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर हे मद्रासला आले असता त्यांना रामानुजन यांचे काम दाखविण्यात आले. वॉकर हे स्वतः गणिती असून केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे फेलो राहिलेले होते. त्यांनी लगोलग मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिले.

या पत्रात तीन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, त्यांनी तुलनेचे निश्चित माप दिले. कल्पनेच्या स्वतंत्रतेच्या दृष्टीने हे काम केंब्रिजमधील गणिताच्या फेलोच्या तोडीचे वाटते, असे त्यांनी नमूद केले. दुसरी अशी की, त्यांनी उणीवही लपविली नाही. परिस्थिती पाहता अपेक्षित असलेली अपूर्णता या कामात आहे व त्यात काटेकोरपणा कमी पडतो, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. तिसरी अशी की, गणिताच्या त्या शाखेत आपला विशेष अभ्यास नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. या प्रामाणिकपणामुळे पत्राचे वजन कमी न होता वाढलेच. विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर केली आणि त्यांना कारकुनीतून मोकळे होऊन गणिताला वाहून घेता आले. निश्चित तुलना, स्पष्ट मर्यादा आणि स्वतः पाहिलेल्या कामाचा आधार हे चांगल्या शिफारसपत्राचे तीन गुण आजही तसेच कायम आहेत.

पत्राने दार उघडते, परंतु पुढची वाटचाल केवळ पत्राच्या बळावर होत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दाचे मोल मोठे होते. त्यांच्या प्रयत्नामुळे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला जाताना कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञांना त्यांच्याविषयी लिहिले. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हाच ते पूर्ण होऊ शकले. गुरूंची साक्ष आणि आर्थिक साहाय्य ही दोन्ही चाके असल्याखेरीज हा गाडा चालत नाही. राज्य व केंद्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्ती योजनांचा लाभ घ्यावयाचा तर विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असणे महत्त्वाचे ठरते आणि ते मिळविण्याच्या वाटेवरच हे शिफारसपत्र उभे असते.

चिंता कोणती, उपाय कोणता

विद्यार्थ्यांच्या मनातील पहिली चिंता वेळेची असते. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांच्या अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे सत्र परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू असते. त्याआधी दिवाळीची सुटी येते. म्हणून पत्राची विनंती गणेशोत्सव-नवरात्राच्या सुमारासच करावी, म्हणजे अध्यापकांना दोन महिने तरी मिळतात. पत्र पोहोचले की नाही हे अर्जाच्या संगणकीय नोंदीत विद्यार्थ्याला पाहता येते. न पोहोचल्यास मुदतीच्या तीन आठवडे आधी एकदा आणि एक आठवडा आधी पुन्हा एकदा नम्रपणे आठवण द्यावी. अशी आठवण देणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. उलट अनेक कामांच्या व्यापात असलेल्या अध्यापकांना ती उपकारकच वाटते.

दुसरी चिंता पत्रातील मजकुराची असते. अमेरिकेत १९७४ मध्ये झालेल्या कायद्यान्वये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. शिफारसपत्राच्या बाबतीत मात्र तो हक्क स्वेच्छेने सोडण्याची मुभा त्याला आहे. अर्जात याविषयी प्रश्न विचारलेला असतो आणि तो वाचून विद्यार्थी गोंधळतात. हक्क सोडलाच पाहिजे अशी सक्ती विद्यापीठाला करता येत नाही. परंतु गोपनीय पत्र अधिक मोकळेपणाने लिहिले गेले असेल असे वाचणाऱ्यांना वाटते, म्हणून बहुतेक विद्यार्थी तो सोडतात. अशा वेळी पत्रात काय असेल याची काळजी करीत बसण्यापेक्षा अध्यापकांची निवड करतानाच काळजी घेणे शहाणपणाचे ठरते. “सर, आपणांस माझ्याविषयी चांगले पत्र लिहिता येईल काय?” असे सरळ विचारावे. अध्यापकांनी आढेवेढे घेतले, तर तो अपमान न मानता संकेत समजावा आणि दुसऱ्या अध्यापकांकडे जावे. नाव न ओळखणाऱ्या विभागप्रमुखाच्या चार गुळगुळीत वाक्यांपेक्षा, प्रकल्पाचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या तरुण अधिव्याख्यात्याचे एक पान अधिक बोलते.

विनंती करताना गुणपत्रिका, हेतूचे निवेदन, केलेल्या प्रकल्पांची टिपणे आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी अध्यापकांना द्यावी. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला शिकविणाऱ्या अध्यापकाला प्रत्येकाचे काम आठवेलच असे नाही. त्यांच्या स्मरणाला आधार देणे हे विद्यार्थ्याचे काम आहे.

‘तूच लिहून आण’

येथे एका रूढ झालेल्या प्रथेचा उल्लेख टाळता येणार नाही. पत्राची विनंती केली असता, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’, असे उत्तर पुष्कळदा मिळते. त्यामागे दुष्ट हेतू नसतो. कामाचा ताण असतो, इंग्रजीत पत्र लिहिण्याचा संकोचही असतो. तरीही ही प्रथा विद्यार्थ्याच्या हिताची नाही. अनेक विद्यापीठे तिला स्पष्ट मनाई करतात. तीन अध्यापकांची तीन पत्रे एकाच हाताने लिहिलेली असतील, तर अनुभवी वाचकाला ते सहज कळते आणि मग चांगल्या विद्यार्थ्याच्या खऱ्या गुणांविषयीही संशय निर्माण होतो. शिवाय स्वतःची स्तुती स्वतः लिहिताना मुले एक तर संकोचतात किंवा विशेषणांची रास घालतात. अध्यापकांनी विद्यार्थ्याकडून टिपणे जरूर घ्यावीत, पत्र मात्र स्वतः लिहावे. साध्या इंग्रजीत लिहिलेली दहा खरी वाक्ये अलंकारिक दोन पानांहून अधिक विश्वसनीय ठरतात.

पत्र लिहिताना विद्यार्थ्याला किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतो, हे प्रथम सांगावे. त्यानंतर त्याने केलेल्या एखाद-दुसऱ्या कामाचे तपशीलवार वर्णन करावे. प्रयोग फसल्यावर त्याने काय केले, वर्गात कोणता प्रश्न विचारला, ग्रंथालयात नसलेले पुस्तक कोठून मिळविले, अशा तपशिलातून माणूस उभा राहतो. शेवटी तुलना द्यावी. विद्यार्थिनींविषयी लिहिताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. अमेरिकेतील एका वैद्यकीय विद्यालयात अध्यापकपदासाठी आलेल्या तीनशेहून अधिक पत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांविषयीची पत्रे तुलनेने आखूड असून त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक असल्याचे त्यात आढळले. ‘शांत, मनमिळाऊ, आज्ञाधारक’ एवढेच लिहून एखाद्या हुशार मुलीचे संशोधन झाकून टाकले जात नाही ना, हे प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारावे.

संस्थांनी करावयाचे साहाय्य

काही गोष्टी एकट्या अध्यापकाच्या आवाक्यातील नसतात. पत्र संस्थेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरून यावे, अशी अपेक्षा पुष्कळ विद्यापीठे ठेवतात. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक अध्यापकांना असा पत्ताच नसतो. तो उपलब्ध करून देणे फार खर्चाचे काम नाही. अर्जांच्या मुदतींची यादी सूचनाफलकावर लावणे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची नोंद विभागात जतन करणे, निवृत्त अध्यापकांशी संपर्क ठेवणे, ही कामे प्राचार्यांच्या कार्यालयाला सहज करता येतील. पंचायत सदस्यांनीही गावातील होतकरू मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना ही माहिती वेळेवर पोहोचविली, तर वजनदार पत्रासाठी होणारी व्यर्थ पायपीट टळेल.

ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला परक्या देशातील प्रवेश समितीपुढे ओळख करून देणारे दुसरे कोणी नसते. त्याचे गाव त्या समितीला ठाऊक नसते, महाविद्यालयाचे नावही तिने ऐकलेले नसते. अशा वेळी त्याच्या अध्यापकाने शांतपणे बसून लिहिलेले एक पान हाच त्याचा परिचय असतो. ते पान वेळेवर, प्रामाणिकपणे आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणे हा अध्यापनाचाच एक भाग होय, असे मानले गेले, तर विद्यार्थ्यांची निम्मी चिंता आपोआप दूर होईल.