मेंदूज्वराची लस : ताप आला म्हणून पुढचा डोस चुकवू नका

बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी मिळणारी मोफत पेंटा लस ५ रोगांपासून वाचवते. त्यात हिब जंतूमुळे होणारा मेंदूज्वरही येतो.

टोचल्यावर ३० मिनिटं तिथंच थांबूया. थोडा ताप, किरकिर, मांडीला सूज येते. एक-दोन दिवसांत उतरते. ती जागा चोळू नये, शेकू नये. अंगावरचं दूध चालू ठेवावं. तापाचं औषध नर्सताई सांगतील तेवढंच.

धाप लागली, आकडी आली, बाळ निपचित पडलं तर लगेच १०८ ला फोन करा. आधीच्या डोसला असं झालं असेल तर टोचण्याआधी सांगा. साध्या सर्दीसाठी लस टाळू नका.

आपण जाळं घेऊन पाण्यावर असलो, तरी लसीच्या दिवशी घरातलं कुणीतरी कार्ड घेऊन जायलाच हवं.