उपवास, स्नायू आणि इन्शुलिन

उपवासाची प्रथा भारतातील बहुतेक सर्व धर्मांत रूढ आहे. एकादशी, चातुर्मास, नवरात्र, पर्युषण, रमझान अशा निमित्तांनी लक्षावधी लोक आहारावर बंधने घालून घेतात. त्यामागील भावना धार्मिक असली तरी शरीराच्या दृष्टीने उपवास म्हणजे इंधनाचा बदल होय. हा बदल कसा घडतो हे जाणून घेणे, मधुमेहाचे प्रमाण वाढलेल्या आजच्या काळात विशेष महत्त्वाचे ठरते.

इंधनाचा बदल

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. इन्शुलिनचा संदेश मिळताच स्नायूंच्या पेशी साखर आत घेतात. काही साखर लगेच वापरली जाते, उरलेली ग्लायकोजेनच्या रूपाने साठविली जाते. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. मात्र स्नायूंतील साठा स्नायूंपुरताच असतो. साखर रक्तात परत सोडण्यास लागणारे विकर त्यांच्यापाशी नसते. रक्तातील साखर टिकविण्याचा भार म्हणून यकृतावर पडतो, आणि त्याचा साठा साधारणपणे एक ते दीड दिवसात जवळजवळ संपतो.

मेंदूला दररोज सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. ती पुरविण्यासाठी शरीर दोन उपाय योजते. यकृत प्रथिनांचे घटक, ग्लिसरॉल इत्यादींपासून नवी साखर तयार करते. दुसरीकडे इन्शुलिन उतरल्यामुळे चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले रक्तात येतात व स्नायू त्यांच्यावर काम भागवू लागतात. स्नायूंनी वाचविलेली साखर मेंदूच्या वाट्यास येते.

साखरेला मज्जाव

मेद जाळणारा स्नायू साखर नाकारतो, ही गोष्ट केंब्रिज येथील फिलिप रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडली. पुढे १९९६ साली येल विद्यापीठातील जेराल्ड शुलमन यांच्या गटाने दाखविले की, मेदाम्ले वाढली असता साखरेचा पेशीतील प्रवेशच मंदावतो. दोन-तीन दिवसांच्या निरंकार उपवासात रक्तात इतकी मेदाम्ले येतात की ती सर्व जाळणे स्नायूंना शक्य होत नाही. उरलेली मेदाम्ले स्नायूपेशींतच सूक्ष्म थेंबांच्या रूपाने साठतात. त्याच सुमारास इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही घटतो.

म्हणजे दीर्घ उपवासाने इन्शुलिन-संवेदनशीलता तात्पुरती कमी होते. हा रोग नव्हे. मेंदूसाठी साखर राखून ठेवण्याची ती निसर्गाची योजना आहे. आहार पूर्ववत झाल्यावर ही अवस्था ओसरते. प्राग येथील फ्रांझ होफमाइस्टर यांनी उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांना पिष्टमय अन्न देताच त्यांच्या लघवीत साखर उतरल्याचे १८९० साली प्रसिद्ध केले होते. या अवस्थेला त्यांनी ‘भुकेचा मधुमेह’ असे नाव दिले.

याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. कित्येक दिवस अत्यल्प आहारावर राहिलेल्या व्यक्तीने लगेच ग्लुकोज पिऊन करावयाची रक्तचाचणी केल्यास, मधुमेह नसतानाही साखर वाढलेली आढळू शकते. म्हणूनच या चाचणीपूर्वी तीन दिवस नेहमीचा आहार, निदान १५० ग्रॅम कर्बोदकांसह, घ्यावा असा दंडक आहे. दीर्घ उपवास गोडधोडाच्या भरपेट जेवणाने सोडणे इष्ट नाही, ते याच कारणास्तव.

स्नायूंतील मेदाचे कोडे

स्थूल व मधुमेही व्यक्तींच्या स्नायूंतही मेद साठलेला आढळतो. मग स्नायूंतील मेद नेहमीच घातक म्हणावा काय? पिट्सबर्ग येथील ब्रेट गुडपास्टर व सहकाऱ्यांनी २००१ साली याचे उत्तर शोधले. लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या स्नायूंत मेद भरपूर असूनही त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता उत्तम असल्याचे त्यांना दिसले. खेळाडूचा स्नायू मेद साठवितो तसा नित्य जाळतोही. बैठ्या माणसाच्या स्नायूत तो पडून राहतो व त्यातून निर्माण होणारे काही घटक इन्शुलिनच्या संदेशात अडथळा आणतात. थोडक्यात, मेद किती आहे यापेक्षा त्याची उलाढाल किती होते हे अधिक महत्त्वाचे.

फराळाचा उपवास

आपल्याकडील पुष्कळसे उपवास वस्तुतः फराळाचे असतात. साबुदाणा जवळजवळ संपूर्ण पिष्टमय आहे. बटाटा, रताळे, वरी यांतही पिष्टच मुख्य आहे. खिचडीची ताटली रिकामी होताच इन्शुलिन वाढते आणि मेद जाळण्याची क्रिया मंदावते. व्रत म्हणून त्याचे मोल व्रतस्थाने ठरवावे. आरोग्याचा उपाय म्हणून मात्र असा उपवास फारसा उपयोगी नाही. अतिरिक्त वजन हळूहळू घटविल्यास यकृतातील व स्नायूंतील मेद कमी होऊन इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. हे उपवासाने साधो वा रोजच्या मिताहाराने, एकूण उष्मांक सारखे असतील तर परिणामात फारसा फरक पडत नाही. जोडीला चालणे, शेतकाम किंवा व्यायाम हवाच, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत घेतो.

मधुमेही व्यक्तींनी घ्यावयाची काळजी

इन्शुलिन किंवा त्याचा स्राव वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी, किंवा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, साखर वा गूळ घेऊन उपवास त्वरित सोडावा. उपवास आहे म्हणून इन्शुलिन किंवा गोळ्या परस्पर बंद करणेही तितकेच घातक आहे. व्रताचा वा रोजाचा निश्चय करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा व वेळा ठरवून घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी निरंकार उपवासापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

उपवास शरीराला इंधन बदलावयास लावतो, आणि निरोगी शरीर तो बदल सहज पेलते. ज्याचे शरीर तो पेलू शकत नाही, त्याने आपला संयम ताटातील घासांवर आणि रोजच्या पावलांवर दाखवावा, हेच हितावह आहे.