घरातील भावंड अचानक आजारी पडते तेव्हा

आई-वडिलांच्या आजारपणाची तयारी प्रत्येकाच्या मनात कोठेतरी असते. परंतु आपल्या बरोबरीचे भावंड एकाएकी अंथरुणाला खिळेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) या आजाराची साथ आली. नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या परिसरातील अनेक कुटुंबांवर ही वेळ आली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्या निमित्ताने अशा प्रसंगी भावंडांनी काय जाणावे व काय करावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१) आजार समजून घेणे
जीबीएसच्या आधी बहुधा जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. दूषित पाणी व अर्धकच्चे चिकन यांतून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू त्याचे एक प्रमुख कारण आहे. जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. प्रथम पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही. मग अशक्तपणा हातांपर्यंत आणि कधी श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो. सुमारे चारपैकी एका रुग्णास व्हेंटिलेटर लागतो. म्हणून 'उद्या पाहू' असे म्हणू नये.

हा आजार एकापासून दुसऱ्यास लागत नाही. तेव्हा भावंडाजवळ बसण्यास भिऊ नये. मात्र घरातील सर्वजण एकच पाणी पीत असल्याने ते उकळूनच प्यावे. कोणी करणी किंवा बाहेरची बाधा सांगू लागल्यास ठामपणे नकार द्यावा, कारण अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेले दिवस हे उपचाराचेच दिवस असतात. आयव्हीआयजी इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत झाल्यास अधिक उपयोगी पडतात.

२) शुश्रूषा कशी असावी
विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू एकटाच पडून होता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले, मंचकावर निजविले आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषधाची माहिती, पथ्यापथ्याची जाण, लोभाऐवजी मैत्रीची भावना, मलमूत्राची किळस नसणे आणि रुग्णास धम्माच्या बोलण्याने धीर देणे.

हे गुण आजच्या अतिदक्षता विभागातही तंतोतंत लागू पडतात. व्हेंटिलेटरवरील जीबीएसच्या रुग्णाला बहुधा सर्व ऐकू येते व कळते, फक्त बोलता येत नाही. म्हणून त्याच्या उशाशी उभे राहून खर्चाची चिंता किंवा रडारड करू नये. डोळ्यांची एक उघडझाप म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही', अशी खूण भावंडांनी ठरवावी. लहानपणापासून त्याची आवड-निवड माहीत असल्याने योग्य प्रश्न त्यांनाच सुचतात. कूस बदलणे व हातपाय हलविणे परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून शिकून घ्यावे.

३) कामाची वाटणी
सगळा भार एकाच भावावर किंवा बहिणीवर टाकू नये. शिक्षण सोडण्याची पाळी बहुधा मुलीवर येते, हे आपण थांबविले पाहिजे. एकाने रुग्णालयात बसावे, दुसऱ्याने कागदपत्रे व पैसा पाहावा, तिसऱ्याने आई-वडील व धाकट्यांना सांभाळावे आणि पाळ्या बदलत राहाव्यात. धाकट्या भावंडांना त्यांच्या वयास समजेल असे खरे सांगावे. काहीच न सांगितल्यास ती स्वतःलाच दोषी मानू लागतात.

पैशाच्या बाबतीत घाबरून कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राची भेट घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला व आधारकार्ड एकाच पिशवीत ठेवावे.

४) दीर्घ वाट
रुग्णालयातून घरी येणे म्हणजे आजार संपणे नव्हे. सुमारे ८० टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो, तर थोडे दगावतात. एव्हाना नातेवाइकांची वर्दळ ओसरलेली असते. खरी गरज याच वेळी असते. सेवा करणाऱ्या भावंडालाही राग येतो, थकवा येतो. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. मन मोकळे करण्यासाठी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. सभासदांनी आठवड्यातून एक दिवस त्याची पाळी घेतली, तर त्याला एक रात्र झोप मिळेल.

अभ्यासासाठी प्रश्न
१. शुश्रूषकाच्या पाच गुणांपैकी कोणता गुण आपल्यात कमी आहे? तो कसा वाढवाल?
२. आपल्या घरात असा प्रसंग आल्यास कामाची वाटणी कशी कराल? कुटुंबासह बसून लिहून काढा.
३. आपल्या वस्तीतील पिण्याच्या पाण्याची तपासणी कोण करते, याची माहिती मिळवा.