पडद्यावरची मॅडम आणि ठाण्यातली

पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. प्रामाणिक पोलीसबाईचा हिंदी मारधाडपट आला की आमची गँग पहिल्या आठवड्यातच थिएटरात. सुरुवात 'तेजस्विनी'पासून. १९९४ चा, आपल्या एन. चंद्रांचा. विजयाशांतीला ज्या 'कर्तव्यम'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचीच ही हिंदी आवृत्ती. तिची लाथ बघून शिट्ट्या आम्हीही मारल्या. पण नोकरीने शिकवलं ते निराळंच.

१. लाचखोराला कॉलर धरून पकडत नाहीत.
काही काळ लाचलुचपत विभागात होते. तक्रार आली की आधी पडताळणी: साहेबाने पैसे खरंच मागितले का, ते रेकॉर्डरवर हवं. मग दुसऱ्या खात्यातले दोन सरकारी पंच बोलवायचे. ते बिचारे आपलंच काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्याने बसतात. नोटांचे नंबर लिहून घ्यायचे, त्यांना फिनॉल्फ्थेलिनची पूड लावायची, तक्रारदाराच्या खिशात घालायच्या आणि बजावायचं, "मागितल्याशिवाय हात लावू नका." ठरलेला इशारा झाला की आत शिरायचं. साहेबाची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं आणि भल्याभल्यांची वाचा जाते. ते पाणी बाटलीत भरून सीलबंद करायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, पंचनामा लिहायचा. एवढं करून तक्रारदार कोर्टात फितूर झाला आणि मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या गुलाबी पाण्यावर शिक्षा होत नाही.

२. मारून मिळवलेली कबुली कोर्टात चालत नाही.
पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरायचा नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होतं. नव्या साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. उलट मारल्याचा गुन्हा आपल्यावरच. राणी मुखर्जीच्या 'मर्दानी'च्या शेवटी मुली खलनायकाला तुडवतात आणि थिएटर डोक्यावर घेतं. मी मात्र मनात हिशेब करत होते: खुनाचं कलम ३०२, आरोपी सगळ्या मुली, आणि तपास अधिकारी निलंबित.

३. खरी मारामारी बदलीशी असते.
गुंड अंगावर धावून येत नाही, ऑर्डर येते. 'कंट्रोलला जमा' एवढे दोन शब्द पुरतात, ठाणं सुटतं आणि नियंत्रण कक्षात बसायचं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात ठाणेदाराला आणि जिल्ह्याच्या अधीक्षकाला किमान दोन वर्षं एका जागी ठेवा म्हणून सांगितलं. 'प्रशासकीय कारण' या पळवाटेतून किती जण त्याआधीच हलवले जातात, ते कुठल्याही ठाण्यात चहा पिताना विचारा.

४. ठाण्याचं खरं गुपित 'वसुलीवाल्या'कडे असतं.
'जय गंगाजल'वर (२०१६) माझा राग आहे. पोस्टरवर प्रियांका चोप्रा, एसपी आभा माथुर. पण माणूस म्हणून बदलत जाण्याची सगळी भूमिका भ्रष्ट पोलीस अधिकारी सर्कल बाबूची. ती प्रकाश झा यांनी स्वतःकडेच ठेवली! दिग्दर्शकच नट झाल्यावर वाटणी करणार कोण? तरी कबूल करते, चित्रपटातलं सर्वांत खरं पात्र तेच. कुठल्या धंद्याचा हप्ता कोणाच्या घरी जातो हे ज्याला तोंडपाठ, तो फिरला तर वर्षभराचं काम आठवड्यात होतं. नवीन मॅडमने आल्याआल्या त्याला हाकलू नये. समोर बसवून ऐकावं, विश्वास मात्र टाकू नये.

५. पडद्यावरच्या मॅडमला लघवीला कधीच लागत नाही.
गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला आम्ही बायका सकाळपासून पाणी पिणं टाळायचो, कारण फिरतं शौचालय कागदावरच फिरत असायचं. पुढच्या 'मर्दानी'त राणीबाईंनी एक प्रसंग यावर घ्यावा. त्या ठेकेदाराला मात्र त्यांनी हवं तेवढं बडवावं, दुसरा मुद्दा मी तेवढ्यापुरता मागे घेते.