लाकडी ठोकळ्याचा पाठ : घर्षण
(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी)

शाळाभेटीत विज्ञानाच्या वह्या पाहताना एक गोष्ट वारंवार आढळते. चाळीस मुलांच्या वह्यांत ‘निरीक्षण’ या सदराखालील मजकूर शब्दशः एकच असतो, आणि पुष्कळदा तो प्रयोगापूर्वीच फळ्यावरून उतरविलेला असतो. अशा वहीत चूक सापडत नाही हे खरे. परंतु मग प्रयोग कशासाठी केला, असा प्रश्न पडतो. उत्तर आधी ठाऊक नसेल तरच मूल डोळे उघडून पाहते. म्हणून बहुतेकांचा अंदाज चुकेल असा एक प्रयोग येथे सुचवीत आहे.

गावच्या सुताराकडून २० सेंटिमीटर लांब, १० रुंद व ५ जाड असे दोन सारखे लाकडी ठोकळे करून घ्यावेत. सर्व बाजू एकाच काचकागदाने घासून सारख्या गुळगुळीत कराव्यात. ठोकळ्याच्या टोकाला मध्यभागी आकडी बसवून तिला दोरा बांधावा. दोरा टेबलाच्या कडेवरील कप्पीवरून खाली सोडावा व त्यास लहान डबा टांगावा. कप्पी नसल्यास दोऱ्याचे रिकामे रीळ खिळ्यात अडकविले तरी भागते. दोरा मात्र टेबलाशी समांतर राहिला पाहिजे. ठोकळ्याची बाजू बदलली की कप्पीही थोडी वरखाली करावी लागते. आता डब्यात चमच्याने हळूहळू वाळू घालावी. ठोकळा सरकू लागताच थांबून वाळूसह डब्याचे वजन करावे. ठोकळा हलविण्यास किती ओढ लागली, याचे ते माप होय.

प्रयोगापूर्वी वर्गास विचारावे : ठोकळा रुंद बाजूवर ठेवला तर जास्त ओढ लागेल, की अरुंद बाजूवर? पहिल्या वेळी २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठ टेबलास टेकते, दुसऱ्या वेळी निम्मेच, म्हणजे १००. बहुतेक मुले रुंद बाजूच्या पक्षाने हात वर करतील. प्रत्येकाने आपला अंदाज व त्याचे कारण शाईने लिहावे. मागाहून ते खोडू देऊ नये.

प्रत्येक बाजूवर निदान तीनदा माप घ्यावे. मापे तंतोतंत जुळणार नाहीत. समजा, एका वेळी २१० ग्रॅम, दुसऱ्या वेळी २३० व तिसऱ्या वेळी २२० आले, तर तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहावेत. येथेच शिक्षकाची खरी कसोटी लागते. आकडा ‘सुधारून’ घेण्याचा मोह आवरला, तर दोन्ही बाजूंची मापे जवळजवळ सारखीच आहेत, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. त्यानंतर पहिल्या ठोकळ्यावर दुसरा ठेवावा. टेकलेले पृष्ठ तेवढेच राहते, पण ओढ सुमारे दुप्पट लागते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सर्व तशीच ठेवली, ही युक्ती मुलांकडून वदवून घ्यावी.

मुलांना हा निष्कर्ष सहजी पटणार नाही, आणि त्यात वावगे काही नाही. फ्रान्समधील गिओम आमोंतों यांनी १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हाच नियम मांडला, तेव्हा तेथील विद्वानांनाही शंका आली. ला हीर यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले, तेव्हा नियम खरा ठरला. त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणवह्यांत हीच गोष्ट आली होती, पण त्या वह्या अप्रकाशित राहिल्या.

कारण असे की, गुळगुळीत दिसणारे पृष्ठही सूक्ष्म रूपात उंचसखल असते आणि प्रत्यक्ष स्पर्श थोड्याच ठिकाणी होतो. ठोकळा अरुंद बाजूवर ठेवला की तेच वजन निम्म्या जागेवर येते, तेथील उंचवटे अधिक दाबले जातात, आणि खरा स्पर्श एकूण तेवढाच राहतो. मऊ रबरास हा नियम नीटसा लागू पडत नाही. एखाद्या चौकस मुलाने चपलेचा तळ घासून तसे दाखविले, तर त्यास गप्प बसवू नये.

पुढच्या तासिकेस प्रश्न बदलावा. आतापर्यंत ‘काय घडते?’ असे विचारले. आता ‘काय करावे म्हणजे काम हलके होईल?’ असे विचारावे. बाटल्यांची चार झाकणे, सायकलचे दोन जुने स्पोक, लेखणीच्या रिकाम्या नळ्या व एक पुठ्ठा एवढेच साहित्य प्रत्येक गटास द्यावे. कमीत कमी वाळूत ठोकळा वाहून नेणारी गाडी त्यांनी करावी. पहिल्या गाडीची चाके वाकडी बसतील, आख पुठ्ठ्यास घासेल. गट आपण होऊन दोष शोधतील, नळीत तेलाचा थेंब सोडतील, पुन्हा मोजतील. बैलगाडीच्या आखास वंगण का घालतात, हे तेव्हा निराळे सांगावे लागत नाही. मात्र उतारावर गाडी आपोआप धावू लागली की तिला थांबविण्याचीही सोय हवी, आणि त्यासाठी घर्षणच लागते, ही अडचण त्यांच्यापुढे ठेवावी.

गाडीच्या चाचणीस जड डबा चालत नाही. त्याऐवजी कागदी पेला टांगावा. पाठास एकूण तीन तासिका धराव्यात. ठोकळ्यांची एकच जोडी केंद्रातील शाळांना आळीपाळीने वापरता येईल.