पोवळ्याच्या घरातील भाडेकरू

आंबोली घाट उतरून आपल्या मच्छ्याकडील पुष्कळ मंडळी मालवणास जातात व सिंधुदुर्ग किल्ला पाहून येतात. परंतु किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर जिवंत पोवळी आहेत, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. १९८७ साली या भागास सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. अंगठीतील तांबडे पोवळे निराळे. येथील पोवळी म्हणजे असंख्य इवल्या जीवांनी रचलेली चुन्याची घरे होत. या जीवांना प्रवाळकीटक म्हणण्याची चाल आहे खरी, पण ते कीटक नव्हेत, जेलीफिशचे नातलग आहेत.

या घरांत भाडेकरूही असतात. ते बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कुळातील, म्हणजे कवचधारी वर्गाचे असतात.

पोवळ्याचा मोठा शत्रू गाळ. पावसाळ्यात कर्ली व गड या नद्या सह्याद्रीची माती मालवणच्या समुद्रात आणून टाकतात. गाळ अंगावर साचला की पोवळे गुदमरते. लक्षद्वीपासारख्या उष्ण समुद्रात, फांद्या फुटलेल्या पोवळ्यांत ट्रॅपेझिया नावाचा बोटाच्या पेराएवढा खेकडा नरमादीच्या जोडीने राहतो. तो घरमालकाच्या अंगावरील गाळ झाडतो. काटेरी तारामासा पोवळे खावयास आला, तर त्याच्या पायांना चिमटे घेऊन हाकलतो. भाड्याच्या मोबदल्यात पोवळ्याचा चिकट स्राव त्यास खावयास मिळतो. पॅसिफिक महासागरातील मूरिआ बेटावर शास्त्रज्ञांनी काही पोवळ्यांतून हे खेकडे काढून टाकले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, खेकडे गेलेल्या पोवळ्यांपैकी शेकडा ४५ ते ८० महिन्याच्या आत मेली. खेकडे असलेली सर्व जगली. एवढ्याशा नांग्यांचे हे काम पाहून आम्ही थक्क झालो.

दुसरी भाडेकरीण त्याहून विलक्षण. हॅपॅलोकार्सिनस जातीच्या खेकड्याची मादी काही मिलिमीटरांची असते. ती कोवळ्या फांदीच्या टोकाशी बसते व पोवळे तिच्याभोवती वाढत वाढत अखेर तिला कोंडून टाकते. पाण्यापुरती बारीक छिद्रे तेवढी उरतात. तिच्याहून लहान असलेला नर मात्र बाहेर मोकळा असतो. तिला बंदिवान म्हणावे की गढीत सुरक्षित बसलेली राणी, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

जहाजांच्या तळांस चिकटणारे बार्नेकल नावाचे खरखरीत शंकूही याच कुळातले; त्यांच्या काही जाती पोवळ्यांतच रुततात. कवचामुळे लोक त्यांना शिंपल्यांचे भाऊबंद समजत. १८३० साली टॉमसन याने त्यांची पिल्ले पाहून खरे कूळ दाखविले आणि पुढे डार्विनने १८४६ पासून आठ वर्षे त्यांच्या अभ्यासात घालविली.

१९९८ साली समुद्र तापला व लक्षद्वीपातील पुष्कळ पोवळी पांढरी पडून मेली. पोवळे मेले म्हणजे ट्रॅपेझिया ते सोडून दुसरे जिवंत घर शोधू शकतो. फांदीत कोंडलेल्या मादीला मात्र बाहेर पडण्यास वाट नसते.