भिंतीतला बिघाड वेळीच ओळखा

ताका उलगडल्याशिवाय कापडातला दोष दिसत नाही. भिंतीत गाडलेल्या वायरिंगचे तसेच आहे, आणि भिंत तर उलगडताही येत नाही. जुन्या नाशकात खाली दुकान नि वर राहते घर अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आहे. तेथे एखादा सैल जोड माल तर नेईलच, माणसांच्या जिवावरही बेतेल. म्हणून आम्ही कापडवाले असूनही व्यापारी बांधवांपुढे हा विषय मांडत आहोत.

प्रथम लक्षणे पाहा. स्विचबोर्ड गरम लागणे, प्लगभोवती तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा वास, बटण दाबताना चरचर ही सैल जोडाची खूण. एका खोलीतले दिवे मंद आणि दुसरीकडचे एकदम प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्यावी. मेन बंद करून लगेच महावितरणला कळवावे. आरसीसीबी फक्त पावसाळ्यात पडत असेल, तर भिंतीतली ओल वायरपर्यंत पोहोचली असे समजावे.

आता तपास. सर्व प्लग काढा, दिवे-पंखे बंद करा, मेन चालू ठेवा. तरीही मीटरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर वीज कोठेतरी झिरपते आहे किंवा एखादी जोडणी नजरेतून सुटली आहे. मग सर्व एमसीबी खाली करून एकेक वर करा. जिच्यामुळे आरसीसीबी पडेल, त्या लाइनीत दोष. सर्व खाली असतानाही पडत असेल, तर बहुधा न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असतो. कारण घरगुती एमसीबी सहसा फेजच तोडते.

याहून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. तो मेन बंद करून, उपकरणे काढून 500 व्होल्टच्या मेगरने तपासतो. माप 1 मेगोहमपेक्षा कमी आले, तर वायरचे आवरण खराब झाले आहे.

एक गैरसमज काढून टाकावा. एमसीबी पडत नाही म्हणजे सर्व ठीक, असे नव्हे. ती जादा करंट ओळखते. सैल जोड मात्र नेहमीच्या करंटवरही तापतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून वारंवार पडणारी 16 अँपिअरची एमसीबी काढून 32 ची बसवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहावे.

विम्यावर विसंबून राहू नये. आगीच्या पॉलिसीत शॉर्टसर्किटने बिघडलेल्या उपकरणाची भरपाई सहसा मिळत नाही. त्यातून पसरलेल्या आगीने झालेले नुकसान मात्र धरले जाते. आपली पॉलिसी वाचून घ्यावी.

31 मार्चला आपण स्टॉक मोजतो. त्याच सुमारास वायरमनलाही बोलवावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीला दोन महिने हाती राहतात.